मदत हवी आहे: आत्याने वहीत लिहिलेलं मृत्युपत्र चालेल का?

आत्या ८१ वर्षांची, अविवाहित. डोकं तल्लख, हात मात्र थरथरतो. गेल्या महिन्यात तिने एका वहीत स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहिलं. तिच्या कमाईचा, एकटीच्या नावावरचा फ्लॅट मला आणि मुदतठेवी दोन चुलत भावांना. सही केली तेव्हा शेजारच्या काकू समोर होत्या, त्यांनी तिथेच साक्षीदार म्हणून सही केली. दुसरे साक्षीदार तेव्हा बाहेर होते. दुसऱ्या दिवशी मीच वही त्यांच्या घरी नेली आणि सही घेऊन आले. नंतर आत्याने एका ठेवीची रक्कम खोडून वर नवी लिहिली.

आता एक चुलत भाऊ म्हणतो, स्टॅम्प पेपर नाही, नोटरी नाही, म्हणजे ही रद्दी. शिवाय फ्लॅटला नॉमिनी काका आहेत. आत्याला अजून काही बोललेले नाही, उगीच तिच्या जिवाला घोर. जाणकारांनी सांगावं.

चष्मा_विसरलो: स्टॅम्प पेपर लागत नाही, नोटरी लागत नाही, नोंदणीसुद्धा ऐच्छिक आहे. साधा कागद चालतो. थरथरती सही चालते, अंगठाही चालतो. भावाला चहा पाजा.

पायरी_चढलेला: चहा जरा थांबवा. भाऊ चुकीच्या जागी बोट ठेवतोय, पण खोट आहेच.

भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, कलम ६३ बघा. किमान दोन साक्षीदार हवेत. प्रत्येकाने आत्याला सही करताना पाहिलेलं हवं, नाहीतर 'ही सही माझीच' असं तिने स्वतः त्याला सांगितलेलं हवं. आणि त्याने आपली सही तिच्या समोर केलेली हवी. दोघे एकाच वेळी हजर असायची गरज नाही, म्हणजे दुसरा दिवस उजाडला म्हणून काही बिघडलं नाही. बिघडलं ते वही त्यांच्या घरी गेली म्हणून! त्यांनी ना आत्याची सही पाहिली, ना तिच्या तोंडून ऐकलं, ना तिच्यासमोर सही केली. कायद्याच्या हिशेबी तुमच्याकडे एकच साक्षीदार आहे.

खाडाखोडीचंही तेच. त्या बदलाजवळ आत्याची आणि साक्षीदारांची सही नसेल, तर खोडलेली रक्कम वाचता येतेय तोवर तीच धरतात (कलम ७१).

आणि राग मानू नका, फ्लॅट मिळणार तुम्हाला आणि वही घेऊन फिरणाऱ्याही तुम्हीच. लाभ घेणाऱ्यानेच पुढाकार घेतला असेल तर संशय फेडायची जबाबदारी त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच सांगून ठेवलंय.

आत्या आहेत, शुद्धीत आहेत, तर दुरुस्ती करत बसू नका. नव्याने लिहा. त्यात 'आधीचं मृत्युपत्र रद्द' हे वाक्य घाला, प्रत्येक पानावर सही घ्या. त्या वेळी तुम्ही घरात नसलात तर उत्तम.

धागाकर्ती: बाप रे. मला वाटलं सही म्हणजे सही. माझे यजमान साक्षीदार चालतील का? आम्ही हिंदू आहोत.

पायरी_चढलेला: ख्रिश्चन किंवा पारशी असता तर साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेली मिळकतच त्याच्या हातून गेली असती (कलम ६७). हिंदूंना ते कलम लागू नाही. तरी नकोच, हा आयता मुद्दा कशाला द्यायचा? ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा माणूस बघा. आणि तो आत्यांपेक्षा बराच तरुण असावा. पुढे वाद झालाच तर हयात साक्षीदारांपैकी निदान एकाला कोर्टात येऊन सांगावं लागतं.

सांजवेळ: नॉमिनीचं राहिलं. काका नॉमिनी म्हणजे मालक नव्हेत. सोसायटी आधी त्यांचं नाव लावेल, पण मालकी मृत्युपत्राप्रमाणेच ठरते. अवांतर: वडिलोपार्जित मिळकत असती तर आत्यांना फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं लिहिता आलं असतं. इथे तो प्रश्न नाही.

चष्मा_विसरलो: घरी नेऊन सही घेतली हे मी वाचलंच नव्हतं. माझा प्रतिसाद अर्धाच धरा. डॉक्टरांचा दाखला सक्तीचा नाही, पण ८१ व्या वर्षी त्याच दिवशीचा घेतलेला बरा.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "मग आण नवी वही, त्यात काय." तिच्या बँकेतले जुने सहकारी येतायत, दोघेही पन्नाशीतले. आता प्रश्न एवढाच, की काकूंना कसं सांगायचं. त्या ७९ च्या आहेत, आणि आपल्या सहीचा त्यांना फार अभिमान आहे.