भान आहे, प्रमाण बिघडलंय

'रील्स बघून पोरांना जगाचं भान उरलं नाही' हे म्हणणं मला अर्धंच पटतं. माझा भाचा सांगलीत अकरावीला आहे. गाझात काय चाललंय, दुबईत घरभाडं किती, सगळं त्याला तोंडपाठ. (त्याच्या वयात मला सांगलीवाडीपलीकडचं फारसं काही ठाऊक नव्हतं.) गडबड आहे ती प्रमाणाची. ज्या व्हिडिओवर बोट थांबतं, तसलेच पुढं येत राहतात. दहा भांडणं बघितली की सगळं जगच भांडतंय असं वाटायला लागतं.

मागं एका पावसाळ्यात रात्री त्याचा घाबरून फोन, "मामा, गावभागात पाणी शिरलं!" (गावभाग म्हणजे सांगलीतली नदीकाठची जुनी वस्ती.) व्हिडिओ बघितला तर २०१९च्या महापुरातला, वर कोयनेच्या विसर्गाचा ताजा आकडा चिकटवलेला. सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. त्या रात्री पाणी तिशीतही नव्हतं. मी म्हटलं, सकाळी पुलावर जा आणि स्वतः पातळी बघून ये. गेला बिचारा, फोटो काढून इन्स्टावर टाकला. सहा लाईक. जुन्या पुराला हजारो.

आणि नुसत्या पोरांनाच कशाला बोलायचं? तो व्हिडिओ त्याला आला होता घरच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर. टाकणारे आमचे दाजी, वय वर्षं बासष्ट. खाली लिहिलेलं, "खात्रीलायक, पुढं पाठवा."