१/१४४ यान: वॉशनंतर सांध्याला भेगा, मॅटवर पांढरा ढग

खानापूर_१४४
स्नॅप-फिट (खुंट्या भोकांत दाबून जोडायचं) लढाऊ यानाचं प्लॅस्टिक मॉडेल, खऱ्याच्या १/१४४ मापाचं, लांबी जेमतेम ९ सेंमी. राखाडी लॅकर प्रायमर (अस्तर), वर ऑफ-व्हाइट ॲक्रिलिक, पॅनेल लाइनला (पत्र्यांच्या जोडाच्या कोरलेल्या रेघांना) काळा इनॅमल वॉश, म्हणजे खाचांत भरणारा पातळ रंग, शेवटी कॅनमधलं मॅट (बिनचमकीचं) वार्निश. पंखांच्या मुळाशी दोन बारीक भेगा आल्यात आणि मॅटवर दुधट ढग आहे. इकडं पावसाची उघडीप नाही. दिवाळीपर्यंत थांबायचं की आत्ताच काही करता येईल? शिवाय दोन्ही इंजिनांत दिवे घालायचेत. नळीचा आतला व्यास ४ मिमी. ३ मिमीचा एलईडी जातो, पण मागं वायर वळवायला जागा उरत नाही.

टिळकवाडी_वर्कबेंच
भेगा रंगामुळं नाहीत, खुंट्यांमुळं आहेत. स्नॅप-फिटमध्ये खुंटी भोकापेक्षा किंचित जाड असते, म्हणजे जोडल्यापासून त्या जागेचं प्लॅस्टिक ताणलेलंच राहतं. इनॅमलचं थिनर फटीतून आत ओढलं जातं आणि ताण असलेल्या जागीच प्लॅस्टिक फुटतं. बाहेरून प्रायमर कितीही मारला तरी सांध्याच्या आत तो पोचलेला नसतो.

आता पातळ सिमेंट (प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा मॉडेलचा गोंद) ब्रशच्या टोकानं आतल्या बाजूनं भेगेला लावा, हलकं दाबून धरा, एक दिवस हात लावू नका. मग १००० नंबरच्या ओल्या पॉलिशपेपरनं सपाट करून तेवढाच तुकडा पुन्हा रंगवा. पुढच्या किटला जोडण्याआधीच खुंटीचं टोक तिरकं कापा, भोक किंचित मोठं करा आणि सिमेंटनं जोडा. वॉश शक्यतो सुट्या भागांवर, ग्लॉस (चमकदार वार्निश) वाळल्यावर.

आणि काळा वॉश नको ओ! १/१४४ ला १ मिमी म्हणजे खरे १४.४ सेंमी. ०.२ मिमीची रेघ म्हणजे जवळजवळ ३ सेंमी रुंद चर. त्यात काळं भरलं की यान खेळण्यातलं दिसतं. ऑफ-व्हाइटवर मध्यम राखाडीत थोडा तपकिरी पुरे. काळा फक्त इंजिनाच्या कडेला आणि जिथं भाग खरोखर उघडतो तिथं.

निपाणी_एअरब्रश
इनॅमलला एवढं घाबरायचं कारण नाही. ब्रश भरून वॉश ओतला तर फुटणारच. टोकानं एक थेंब रेघेवर टेकवा, तो आपोआप पळतो. सांध्यावर मात्र पाण्यातलाच वॉश.

ढगाचं बघा. कॅनमधलं द्रावण झपाट्यानं उडतं, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं बाष्प ओल्या वार्निशवर बसतं. जुलैत खानापूरला हे होणारच. पण आधी बोट फिरवून बघा. गुळगुळीत असेल तर बाष्प. खरखरीत लागलं तर फवारा लांबून मारल्यामुळं थेंब हवेतच वाळलेत. आणि पांढरं फक्त खाचांत साठलं असेल तर थर जाड झालाय किंवा कॅन नीट हलवलेला नाही. मॅटची पूड तळाला बसते, आतली गोळी वाजायला लागल्यावरही दोन मिनिटं हलवायचा.

बाष्पाचा ढग असेल तर कोरडा दिवस धरून त्याच कंपनीच्या ग्लॉसचा हलका थर द्या, बहुतेक वेळा तो निघून जातो. नंतर पुन्हा मॅट. नुसतं लॅकर थिनर फवारू नका, खालचा वॉश सुटेल. खरखरीत असेल तर आधी २००० नंबरचा ओला पेपर अगदी अलगद.

दिवाळीपर्यंत थांबायची गरज नाही. आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळ घ्या, ६० टक्क्यांच्या खाली असेल तेव्हाच मारा. कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा (कोमट म्हणजे कोमटच, उकळत्या पाण्यात कॅन फुटतो). एअरब्रश असेल तर हवेचा दाब १५ ते २० पीएसआय, आणि कॉम्प्रेसरच्या वॉटर ट्रॅपमधलं पाणी दर वेळी काढा.

शहापूर_सोल्डर
३ मिमीचा एलईडी सोडा. गणपतीच्या आधी बाजारात तांब्याच्या बारीक तारेची एलईडी माळ मिळते, तिच्यातले दोन दाणे कापून घ्या. दाणा नळीत बसतो आणि तार आधीच जोडलेली असते. तारेवर वार्निश असतं, टोक ब्लेडनं खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही. लांबी कमी पडली तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडची जंपर वायर.

माळ यूएसबीवर चालते म्हणून दोनच दाणे थेट ५ व्होल्टला लावू नका. सगळ्या माळेत वाटला जाणारा करंट दोघांतच जातो. पांढऱ्याला साधारण ३ व्होल्ट लागतात, उरले २. दोन दाणे समांतर, प्रत्येकी १० मिलिअँपिअर धरले तर १०० ओहमचा रेझिस्टर लावा. डोळ्याला टोचलं तर २२०.

दाणे बसवण्याआधी नळी आणि धड आतून काळं करा, त्यावर चंदेरी. नाहीतर पांढरं प्लॅस्टिक अख्खं उजळतं.

खानापूर_१४४
खिडक्यांना ०.५ मिमी फायबर (उजेड वाहून नेणारा प्लॅस्टिकचा धागा) चालेल? फेव्हीक्विकनं चिकटवतो.

शहापूर_सोल्डर
०.५ म्हणजे या स्केलला ७ सेंमीचा दिवा, चालेल. ०.२५ मिळाला तर तो जास्त खरा दिसतो. फेव्हीक्विक अजिबात नको, फायबर ठिसूळ होऊन वळणावर तुटतो आणि वाफेनं कॉकपिटची काच धुरकट होते. फेव्हीकॉल लावा. टोकं रंगकाम संपेपर्यंत बाहेर २ मिमी ठेवा, शेवटी नव्या ब्लेडनं कापा.

टिळकवाडी_वर्कबेंच
जाता जाता: पाठीवर बारीक यंत्रभाग वाढवणार असाल तर दह्याच्या कपाचं प्लॅस्टिक वापरता येतं, पण तळाच्या त्रिकोणात ६ आकडा बघून घ्या. ५ असेल तर त्याला सिमेंट धरत नाही.