बिनखिळ्याची खुर्ची डुगडुगते, मदत हवी आहे

उंबरठा: जुन्या पद्धतीची, वेत विणलेली लाकडी खुर्ची केली आहे. एकही खिळा नाही, सगळे सांधे कुसवाचे, म्हणजे पट्टीचं तासलेलं टोक (कुसू) पायाच्या खाचेत बसवलेलं. गणपतीत दणकट होती, आता मागचे पाय हलतात. फेविकॉल ओतून झालं, फरक शून्य. दिवाळीला पाहुणे आहेत, लवकर सांगा. 'नवीन आणा' हा सल्ला नको.

वाकस: लाकूड कोणतं? सुकवलेलं होतं का? कुसू आरपार काढलंय की आत बुजलेलं?

बोलघेवडा: दिल्लीच्या कीर्तिनगर फर्निचर बाजारात जा. घासाघीस केली की सहाचा सेट बरा पडतो.

उंबरठा: बोलघेवडा, शेवटची ओळ वाचा. वाकस, सागवान आहे.

वाकस: आणि बाकीचे दोन प्रश्न?

ओसरी: सागवान शेतातलं का? मालकीचं झाड असलं तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी लागते बरं का.

उंबरठा: आहे हो परवानगी! मे महिन्यात झाड पाडलं, जूनमध्ये फळ्या काढल्या, जुलैत खुर्ची. कुसू आरपार आहे. आता तरी सांगा.

वाकस: मग दुसरं काय होणार! इंचभर जाडीची फळी सावलीत, हवेशीर रचून ठेवली तरी सुकायला साधारण वर्ष घेते. तुमचं कुसू आकसलं, खाचेत जागा झाली. त्या फटीत फेविकॉल ओतून उपयोग नाही.

टेम्सकाठचा: ओलं लाकूड म्हणजे गुन्हा नव्हे. इकडे इंग्लंडात हाय विकम गावाच्या आसपासचे कारागीर जंगलातच बीच झाडाच्या ओल्या लाकडाचे खुर्चीचे पाय कातायचे. मात्र ओल्या लाकडात काम करायचं तर आडव्या दांड्या खडखडीत सुकवून ओल्या पायात ठोकायच्या. पाय आकसला की दांडी आवळली जाते. तुम्ही दोन्ही ओलं घेतलंत.

वाकस: ते गोल भोकाचं काम, साहेब. यांची खाच चौकोनी आहे.

टेम्सकाठचा: तत्त्व तेच.

जुनीखोड: दोघंही सरस विसरलात, जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा जुना डिंक. सरसाचा सांधा वाफेवर सुटतो, म्हणून आजोबांच्या खुर्च्या नातवापर्यंत दुरुस्त होत राहिल्या.

वाकस: कोकणातल्या पावसात सरस आपोआपही सुटतो. उंबरठा, असं करा. सांधा उघडा, कुसू असलेल्या आडव्या पट्ट्या महिनाभर घरात सुकू द्या. कुसवाच्या टोकाला करवतीने लांबीच्या दिशेने काप घ्या, परत बसवा आणि बाहेरून कापात सुकी पाचर ठोका. काप आणि पाचर पायाच्या लाकडातल्या रेषांना काटकोनात हवी, नाहीतर पाय उभा चिरेल. शिवाय एक खुंटी घाला. आधी पायाला भोक पाडा, कुसवावर खूण घ्या आणि कुसवातलं भोक खांद्याकडे, म्हणजे कुसू जिथे पट्टीला सुरू होतं तिकडे, मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकवून पाडा. खुंटी आत जाताना सांधा खेचून घेते. खुंटीचं लाकूड करवतीने कापू नका, रेषेवर फोडून घ्या.

नथ_नववारी: वेत विणण्याआधी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. वाळल्यावर तंग बसतो.

उंबरठा: ताई, वेत उत्तम आहे. वाकस, महिनाभर कुठून आणू? आणि फेविकॉल भरलेला सांधा उघडायचा कसा?

वाकस: गरम व्हिनेगर थोडं थोडं सोडा, मऊ पडला की लाकडी मोगरीने हलके ठोके द्या. दिवाळीला पाहुण्यांना सतरंजी.

बोलघेवडा: कीर्तिनगर म्हटलं तेव्हा सगळे हसलात.

ओसरी: उंबरठा, त्या झाडाच्या फळ्या उरल्या असतील तर विकणार का? दाराची चौकट करायची आहे.