जुन्या लेथचा ऑटो (टूल आपोआप सरकवणारी चाल) जास्त कट लावला की थांबतो. आधी काय तपासू? नाशिकमध्ये वर्म (स्क्रूसारखा गिअर) कुठे करून मिळेल?

म्हसरूळकर
नमस्कार मंडळी. घरामागच्या शेडमध्ये मामांचा जुना लेथ आहे. साडेचार फुटी, पट्ट्यावर चालणारा, नावपट्टी कधीच गळून गेलेली. ऑटोसाठी वेगळा फीड रॉड नाही. लीड स्क्रूलाच (आटे कापायच्या लांब स्क्रूला) लांबभर चीर आहे, ऑटो त्यावरूनच चालतो. एप्रनवर (टूलच्या सरकत्या भागाच्या पुढच्या पेटीवर) क्लच आवळायची चांदणीच्या आकाराची मूठ आहे.

काम म्हणजे द्राक्षबागेच्या ब्लोअरचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना, असंच. अर्धा मिमी कट असेल तर ऑटो नीट चालतो. दीड लावला की सॅडल (टूल वाहणारा सरकता भाग) जागच्या जागी उभं राहतं आणि चक मात्र फिरत राहतो. एका वर्कशॉपवाल्याने बघून सांगितलं, सगळे चेंज गिअर (लीड स्क्रू फिरवणारे) बदला, वर्मही नवीन घ्या. आकडा ऐकून परत आलो. खरंच एवढं लागेल का?

अंबडचा_फिटर
दादा, आधी सॅडलची गिब (खेळ काढायची पट्टी) बघा. जुन्या बेडची झीज चकाजवळ जास्त असते. तिथला खेळ काढायला कोणी गिब आवळली असेल तर टेलस्टॉककडे (चकासमोरच्या टोकाला) बेड शाबूत असल्यामुळे सॅडल जाम होतं. हाताचं चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा, जड कुठे लागतं ते कळेल. टूलही बघून घ्या. बोथट टूल असेल तर बिचाऱ्या ऑटोला का शिव्या द्यायच्या.

कातकाम_जुनं
दोन गोष्टी सांगा म्हणजे पुढे बोलता येईल. हाफ नट (लीड स्क्रूला पकडणारा दोन तुकड्यांचा नट) लावून आटे नीट कापले जातात का? आणि फेसिंगला (तोंड सपाट करताना) क्रॉसचा, म्हणजे आडवा ऑटोही असाच थांबतो का?

म्हसरूळकर
फिटरदादा, चाक सगळीकडे सारखं हलकं आहे. टूलला नवीन धार लावली, तरी तेच. काका, 2 मिमी पिचचे आटे झकास कापले. फेसिंगला मात्र ऑटो थांबतो.

कातकाम_जुनं
मग चेंज गिअरला हातही लावू नका. 2 मिमीचा आटा कापताना गिअरच्या साखळीवर साध्या ऑटोपेक्षा कितीतरी जास्त ताण येतो, कारण ऑटोची चाल वर्ममधून खूप कमी होऊन पुढे जाते. आटे कापताना गिअर घसरले नाहीत, तर हेडस्टॉकपासून लीड स्क्रूपर्यंत सगळं ठीक आहे. लांब आणि क्रॉस दोन्ही थांबतात म्हणजे सॅडल लांब सरकवणारा रॅक-पिनियनही निर्दोष आणि क्रॉसचा स्क्रूही निर्दोष. उरतं ते दोघांना सामाईक असलेलं: लीड स्क्रूच्या चिरेत सरकत वर्मला फिरवणारी चावी, वर्म, वर्म व्हील आणि क्लच.

आता एप्रन न खोलता यातला गुन्हेगार शोधा. मेन स्विच बंद करा, पट्टा सैल करा. सॅडल बेडला लॉक करा, हाफ नट मात्र उघडा ठेवा. ऑटो लावून मूठ नेहमीसारखी आवळा. एकाने चक हाताने सावकाश फिरवायचा, दुसऱ्याने बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन एप्रनच्या खालून बघायचं. वर्मवर खडूची खूण करून ठेवा. लीड स्क्रू फिरला आणि वर्म थांबला, तर चावी गेली. वर्म फिरला, वर्म व्हील फिरलं आणि पुढचं काही हललं नाही, तर क्लच. वर्म फिरून व्हीलचे दात उडी मारत असतील तरच वर्मचा खर्च.

गंगापूररोड_७
एवढं कशाला? मुठीला पाइप लावून आवळा, चालून जाईल 😀

कातकाम_जुनं
अजिबात नको. सॅडल कुठे अडकलं तर घसरून पुढचे दात वाचवणं हे त्या क्लचचंच काम आहे. पाइप लावून आवळलात तर तो घसरणार नाही, दात जातील. हाताच्या जोराने आवळून पुरत नसेल तर आत काहीतरी झिजलंय.

म्हसरूळकर
भाच्याला चक फिरवायला लावून केलं. वर्म थांबतो, लीड स्क्रू आतून फिरतो! मग एप्रन उतरवलं. चावीची एक कड पार गोल झालीय आणि चिरेत चकाच्या बाजूला बरीच धार उठलीय. वर्मचे दात रुंद आहेत, टोकदार झालेले नाहीत. नवीन चावी कशाची करू?

अंबडचा_फिटर
ईएन-8 पोलादाचा तुकडा घ्या आणि फाइल करून बसवा. आधी चिरेची रुंदी दोन-तीन जागी मोजा. चकाजवळ ती जास्त भरेल, पण चावी तिथल्या मापाची केलीत तर टेलस्टॉककडे अडकेल. सगळ्यात अरुंद जागेत सहज सरकेल एवढीच ठेवा. चिरेच्या कडेची धार बारीक फाइलने काढाच, नाहीतर ती नवीन चावीही खाईल आणि हाफ नटचे आटेही. परत बसवताना बेडखाली फळी लावून एप्रन टेकवा. लोंबकळलं तर लीड स्क्रू वाकतो.

कातकाम_जुनं
एप्रन खाली आहेच तर रॉकेलने धुवा आणि आतले नमदे (तेल पोचवणारे लोकरीचे तुकडे) बदला. ते सुकून बुरादा भरून बसतात, मग वर्मला तेल पोचतच नाही. आत ग्रीस भरू नका, बुरादा चिकटून त्याची पॉलिश पेस्ट होते. बेडला आणि एप्रनला 68 नंबरचं स्लाइडवे तेल पुरे. पावसाळ्यात शेड ओल धरत असेल तर लीड स्क्रूवरही तेलाचा हात फिरवत जा.

पुढे कधी वर्म करायचा झालाच तर सातपूर-अंबडला गिअर कापणारे जॉबवाले आहेत, पण नुसता वर्म घेऊन जाऊ नका. व्हीलही न्या, म्हणजे आट्याची दिशा, सुरुवाती (आटा किती पदरी आहे) आणि जोडीची झीज तिथेच बघता येईल. त्र्यंबक रोडच्या आयटीआयमध्ये कोणी टर्नर निदेशक ओळखीचे असतील तर कोणाचा हात चांगला ते त्यांना विचारा.

म्हसरूळकर
चावी बसवली. दीड मिमी कट, अडतीस मिमीचा शाफ्ट, सलग गेला. नमदे अजून मिळाले नाहीत. कोणत्या जाडीचे घेऊ?

अंबडचा_फिटर
जुना तुकडा सोबत न्या. दाबलेला असेल तर सुटं माप धरून थोडा जाड घ्या, आणि बसवायच्या आधी रात्रभर तेलात भिजत ठेवा.