तेल शिंपडू नका, वाफेला काम करू द्या
साठवलेल्या गव्हातले सोंडे (दाणे पोखरणारे किडे) मारायला निलगिरीचे तेल थेट गव्हावर शिंपडायचा विचार सोडाच. दाणे ते शोषून घेतात, हवेत वाफ उरत नाही आणि पोळीला वास येतो. त्यातले सिनिओल, म्हणजे तेलातला वाफ होणारा मुख्य घटक, धुरीसारखे काम करते, म्हणून तेलात भिजवलेला कापसाचा बोळा मलमलीत बांधून हवाबंद कोठीत वरच्या बाजूला टांगा. पोत्यात हा उपाय वाया जातो.

असे तेल पाल्यातून वाफेने स्वतः काढताना पाला पाण्यात नको, पाण्यावरच्या जाळीवर हवा. तळाला लागला की तेल करपट होते. निलगिरीऐवजी गवती चहाचे तेल काढायचे असेल तर तो कापून सावलीत थोडा कोमेजू द्या. १० किलोतून साधारण ३० ते ४० मिली मिळते. वाफ थंड करणारे पाणी तापले की तेल वाफेबरोबर निसटते, उतारा बहुतेकदा इथेच घटतो.

दाण्याच्या आतली सोंड्याची अळी बऱ्याचदा वाचते, त्यामुळे महिन्याभराने बोळा पुन्हा भिजवा.