केप टाऊनला जाऊन आलेले नाशिककर, लिहा बघू

डिसेंबरात गेलो होतो. तीन दिवस मुक्काम, तिन्ही दिवस वाऱ्यामुळे टेबल माउंटनचा रोपवे बंद. डोंगर हॉटेलच्या खिडकीतून पाहून परत आलो. आता कुणी ‘वरून कसं दिसतं?’ विचारलं की मी विषय बदलतो. तुमचं काय झालं ते लिहा. हॉटेलांची यादी नको, घडलेलं हवं.

गंगापूर रोडवरून
आम्ही पहिल्याच सकाळी वर गेलो. केबिनची फरशी गोल फिरते, म्हणजे खिडकीसाठी धक्काबुक्की करायची गरज नाही; आमच्या ह्यांनी तरी केली. उंची १,०८६ मीटर, आपल्या अंजनेरीच्या डोंगरापेक्षा बुटकाच. पण अंजनेरी बघताना आपण आधीच जवळपास सहाशे मीटरवर उभे असतो. तिथं पायथ्याला समुद्र, सगळी उंची एकदम अंगावर येते. दुपारी खाली उतरून मागे पाहिलं, तर डोंगरावर ढगाची चादर पसरलेली आणि रोपवे बंद! ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही, एवढंच सांगते.

सिडकोतून
कॅम्प्स बेला पाण्यात पाय घातला आणि किंचाळले. जानेवारीचं कडक ऊन आणि पाणी बर्फ! रोपवे बंद पाडणारा तोच वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतो, मग खालचं गार पाणी वर येतं. बोल्डर्स बीचवरचे पेंग्विन मात्र मजेत होते. वास सांगत नाही.

पिंपळगाव बसवंतहून
घरची मंडळी डोंगर-समुद्र बघत होती, मी स्टेलनबॉशच्या द्राक्षबागांत. फेब्रुवारी होता. इकडे आमचा माल तोडायला आलेला (भावावर टाकून गेलो, बोलणी अजून खातोय), आणि तिकडेही तोडणीच चालू! ऋतू उलटे, मग हंगाम एकच कसा? तर तिकडे जून ते ऑगस्ट हिवाळा, झाड पानं गाळून झोपतं, तेव्हा छाटणी. आपल्याकडे झाडाला झोप कुठली? एप्रिलला खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), ऑक्टोबरला गोडी छाटणी (घडांसाठी), म्हणून आपलाही माल फेब्रुवारीतच. मोडक्या इंग्रजीत हे तिथल्या मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, ‘दोनदा? झाडाला विचारलं का?’ हेवा वाटला तो पावसाचा. त्यांचा पाऊस हिवाळ्यात. घडात साखर भरताना आभाळ बहुतेक कोरडं. आपण त्याच दिवसांत अवकाळीच्या धास्तीनं रात्री जागतो.

पंचवटीतून
आम्ही मार्च २०१८ मध्ये गेलो, धरणं आटलेली, माणशी दिवसाला ५० लिटर पाणी. बाथटबचं बूच काढून ठेवलेलं, शॉवरखाली बादली. आई म्हणाली, ‘एक बादली अंघोळीला पुरते, हे शिकवायला दुष्काळ कशाला?’

देवळाली कॅम्पहून
रॉबेन आयलंडला जाताना बोटीत आमचे सेल्फी चालले होते. तुरुंग दाखवणारे गृहस्थ स्वतः तिथले राजकीय कैदी. मंडेलांच्या २७ वर्षांपैकी १८ तिथं गेली. कोठडीपाशी नातवानं विचारलं, ‘आजोबा, पाय कुठे पसरायचे?’ बेटाच्या किनाऱ्यावरून तोच डोंगर, तेच शहर समोर दिसतं. ते बघून मला जरा बसावंसं वाटलं.

पुन्हा मीच
बायको म्हणते परत जाऊ. पिंपळगावकर, वारा कधी पडतो?

पिंपळगाव बसवंतहून
मार्च-एप्रिलात बराच शांत असतो म्हणे. जा खुशाल. मला विचारू नका, माझी खरड छाटणी आहे.