मदत हवी आहे: आयबीसीएलसीसाठी सुटे विषय पुण्यात कुठे करता येतील?

स्तनपान सल्लागार व्हायचंय, म्हणजे आयबीसीएलसी (इंटरनॅशनल बोर्ड सर्टिफाइड लॅक्टेशन कन्सल्टंट, आंतरराष्ट्रीय परीक्षा देऊन मिळणारी पात्रता). मी नर्स किंवा डॉक्टर नाही; पुणे विद्यापीठातून मानसशास्त्रात बीए आहे. त्यामुळे पाथवे ३, म्हणजे परीक्षेला बसण्याचा तिसरा मार्ग, धरलाय: ९५ तासांचं स्तनपानविषयक शिक्षण, मेंटॉरच्या देखरेखीखाली ५०० तास प्रत्यक्ष काम आणि आरोग्यशास्त्राचे १४ विषय. ९५ तास ऑनलाइन होतील, त्याची चिंता नाही.

अडलंय ते १४ विषयांवर. मानसशास्त्र, समाजशास्त्र, बालविकास आणि संशोधनाची ओळख हे चार माझ्या मार्कशीटवर आहेत. सीपीआर, वैद्यकीय परिभाषा वगैरे सहा विषय छोट्या कोर्सने भागतात. पण जीवशास्त्र, शरीररचना, शरीरक्रिया आणि पोषण कॉलेजच्या पातळीवर हवेत. दोन-तीन कॉलेजांत विचारलं. सगळीकडे एकच उत्तर, 'पूर्ण डिग्रीला ॲडमिशन घ्या.' चार विषयांसाठी तीन वर्षं! परदेशी विद्यापीठांचे ऑनलाइन कोर्स पाहिले, फी डॉलरमध्ये, परवडणार नाही. नोकरी सोडता येणार नाही, म्हणून संध्याकाळी, रविवारी किंवा दूरस्थच जमेल. राहायला कोथरूडला.

बीए-बीकॉम करून पाथवे ३ ने परीक्षा दिलेलं कोणी आहे का इथे? इग्नूचा आहार आणि पोषणाचा सर्टिफिकेट कोर्स पोषण विषयासाठी मान्य झाला का? आणि शरीररचना-शरीरक्रिया तुम्ही कुठून केलं, मार्कशीटवर विषयाचं नाव स्वतंत्र आलं का?